पार्किंगमधली सुनावणी

समईच्या वातीवर हात धरून सांगते, पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. मागे मी पवईच्या मगरीचं सांगितलं तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. मीही फार ताणलं नाही, कारण सांगता सांगता मगर जरा लांबच झाली होती. पण हे सुबोधच्या गाडीतल्या गाण्याचं प्रकरण तसलं नाही. यात एक शब्द खोटा निघाला तर माझी कवळी ऐन पंगतीत पुरणपोळीत रुतून बसू दे.

सुरुवात शकुने केली. शकु म्हणजे आमच्या मुलुंडच्या महिला भजनी मंडळाची अध्यक्ष. तिला गाणं येत नाही म्हणून अध्यक्ष केलं, नाहीतर ती गायली असती. त्रिपुरी पौर्णिमेला मंडळाचा वर्धापन दिन, त्यात जुन्या गायिकेचा सत्कार करायचा असं तिने ठरवलं आणि मला नि वनमालाला समोरासमोर बसवून म्हणाली, "शाल एकच आहे. दिंडोशीच्या स्पर्धेत ज्या बाईने तो वरचा स्वर लावला तिला द्यायची. कोण ते तुम्ही ठरवा. मला भांडणात ओढू नका."

आता भांडणाच्या खड्ड्यात दोघींना ढकलून ही वर बांगड्या वाजवत उभी. तर ते दिंडोशीचं सांगते. आम्ही तरुण होतो, मंडळ नवीन होतं, आणि स्पर्धेत पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं ते शेवटच्या गजरातल्या एका स्वरामुळे. परीक्षक उठून म्हणाले, ज्या बाईंनी तो वरचा स्वर धरून ठेवला त्यांना माझा नमस्कार. मी आणि वनमाला एकाच माईकवर होतो. दोघी नमस्कार घ्यायला पुढे झालो आणि डोक्यावर डोकं आपटलं. टेंगूळ दोघींना आलं, नमस्कार कुणाला ते ठरलंच नाही.

तेव्हापासून ती म्हणते तिचा, मी म्हणते माझा. वनमाला आमच्याच सोसायटीत, बी विंगला. मूळची मालवणची, रागावली की मालवणीत शिरते, म्हणजे दिवसातला बराच वेळ तिथेच असते. मुलांची लग्नं, बाळंतपणं, आमचे हे गेले तेव्हाचे दिवस, सगळं दोघींनी मिळून काढलं. पण तो स्वर निघाला की दोघींची तोंडं दोन दिशांना. मधे तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलणं राहिलं, गाणं गेलं. आता मंडळात ती टाळ वाजवते आणि नुसते ओठ हलवते. मी अजून गाते, लोक अजून ऐकून घेतात. म्हणजे तिच्या पदरी गाणं म्हणून काय उरलंय, तर तो एक स्वर. तोही माझा निघाला तर तिने जायचं कुठे? हे मला कळत नव्हतं असं नाही. पण स्वर माझा असेल तर मी काय करू?

इथे सुबोध आला. सुबोध माझा मुलगा. मुलुंडहून अंधेरीला ऑफिसला जातो आणि जाता-येता लिंक रोडवर गाडीत अडकून पडतो. त्यामुळे बायकोपेक्षा त्याचा जास्त संसार गाडीतल्या स्टिरिओशी झालाय. आमची सून दीप्ती म्हणते, "आई, यांना आमटीत मीठ नसलं तर कळत नाही. गाण्यात काही कमी असलं तर जेवण जात नाही."

स्पर्धेच्या आयोजकांनी त्या वेळी मोठ्या टेपवर सगळं रेकॉर्ड केलं होतं. सुबोधने ती टेप कुठूनशी शोधली, अंधेरीच्या एका स्टुडिओत नेली आणि तिची फाईल करून आणली. त्याने ती फोनवर ऐकवली. मला माझा आवाज ऐकू आला. वनमालाला तिचा. सुबोध म्हणाला, "फोनवर नाही कळणार. फोनवर पाठवलेली फाईल म्हणजे उसाचा चोथा. मूळ फाईल सायीसकट आहे, एवढी जड की एका भजनात अख्ख्या सोसायटीचे फोटो मावतील. ती गाडीतच ऐकायची. मी नवीन स्टिरिओ बसवलाय, काचा वर केल्या की श्वाससुद्धा ऐकू येतो. पण ब्लूटूथवरून नाही हां, हवेतून गेली की गाळली जाते. पेनड्राइव्ह थेट लावायचा."

मी म्हटलं, "मग गाडीतच लावू या निकाल."

वनमाला म्हणाली, "गाडी कोणाची? तुझ्या झिलाची. स्टिरिओ कोणाचो? तुझ्या झिलाचो. बरो न्याय."

तरी कबूल झाली. दसऱ्याला मी गाडीची रीतसर पूजा केली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, नव्या स्टिरिओला आणि पेनड्राइव्हला हळदकुंकू, अक्षता. आमचे हे गिरणीत होते, त्यांचं म्हणणं असायचं की यंत्राची पूजा नीट झाली नाही तर यंत्र ते लक्षात ठेवतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पार्किंगमध्ये गाडीत बसलो. सुबोध पुढे, आम्ही दोघी मागे, मधे माझी पर्स, भिंत म्हणून. काचा वर. सुबोधने पेनड्राइव्ह लावला.

पडद्यावर आलं, नो डिव्हाइस.

काढला, फुंकला, परत लावला. नो डिव्हाइस. वनमालाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मासेवालीच्या पाटीतल्या कालच्या पापलेटाकडे बघतात.

"माका म्हायतच होता," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"काय नाय. म्हायत होता."

एवढ्यात काचेवर टकटक झाली. चंद्रप्रकाश. आमचे सेक्रेटरी. निवृत्त झाल्यापासून त्यांना सोसायटीतल्या प्रत्येक बंद दारामागे काहीतरी शिजतंय असं वाटतं, आणि तीन माणसं बंद गाडीत बसून गाडी हलत नाही म्हणजे तर मेजवानीच.

"काय चाललंय, सुबोध?"

"गाणं ऐकतोय, काका."

"ऐकू तर येत नाहीये."

"तेच तर."

प्रकरण ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "दुकानदाराने फसवलंय तुला. डबा नवा, आतला माल जुना. माझ्या गाडीत लाव, बघ कसा बोलतो." त्यांच्या गाडीत लावला. नाही बोलला. एवढंच नाही, त्यानंतर त्यांचा स्वतःचा प्रवचनांचा पेनड्राइव्हही बोलेना. चंद्रप्रकाशांचा चेहरा असा झाला की मी पर्समधली खडीसाखर काढून दिली.

तेवढ्यात धवलभाई खाली आले. हे आमच्या वरच्या मजल्यावरचे, यांच्या गाडीतला गरबा नवरात्रात मलाच ऐकावा लागतो. "काकी, मने आपो. माझी सिस्टम एकदम टॉप छे. त्यात दगड टाकला तरी वाजेल."

दगड वाजला असता कदाचित. आमचा पेनड्राइव्ह लावला आणि धवलभाईंचा गरबा कायमचा बसला. ते गाडीतून उतरून पेनड्राइव्हकडे लांबूनच बघायला लागले. "काकी, आ शुं छे? यात काय भरलंय?"

"भजन," मी म्हटलं.

"भजनने असं नाही होत," ते म्हणाले. मुलुंडात माणसं आता भजनावरही संशय घेतात.

दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी नोटीस लागली. 'ए विंगमधील एका ज्येष्ठ महिला सभासदाच्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस असल्याचा संशय आहे. सदर वस्तू कोणीही आपल्या वाहनात घेऊ नये.' नाव नव्हतं, पण ए विंगमध्ये ज्येष्ठ आणि पेनड्राइव्ह दोन्ही असलेली मी एकटीच. दूधवाल्याने त्या दिवसापासून पिशवी दारात ठेवून बेल वाजवायची आणि जिना गाठायचा असं सुरू केलं. इतकी वर्षं या सोसायटीत हळदीकुंकवाला पहिलं बोलावणं मला यायचं. आता मी लिफ्टमध्ये शिरले की लोकांना आठवायचं, आपल्याला जिन्याने जायचं होतं.

मी चंद्रप्रकाशांकडे गेले. म्हटलं, "नोटीस काढा."

"नोटीस काढायला कमिटी बसावी लागेल, नलिनीताई. आणि तुमचाच विषय निघालाय म्हणून सांगतो, उभ्या गाडीत बसून सांस्कृतिक कार्यक्रम करायला परवानगी नाही. पार्किंग हे पार्क करण्यासाठी आहे. पुन्हा बसायचं असेल तर अर्ज करा, आणि शेजारच्या जागेवाल्यांची ना हरकत आणा."

शेजारच्या जागेत उभी होती इरावतीची स्कूटर. इरावती म्हणजे वनमालाची मुलगी. कंप्युटरमधली. माझा संशय पहिल्यापासून तिच्यावरच होता, कारण ती हसते तेव्हा दात दिसत नाहीत.

"मावशी," इरावती म्हणाली, "सही देते. पण आधी सांग, आईचा स्वर निघणार असेल तर लगेच देते. तुझा निघणार असेल तर विचार करून देते."

"ते ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

"ऐकायचं असतं तर तुझ्या मुलाने वाजेल अशी गाडी आणली असती ना."

म्हणजे इकडे सगळ्यांना खात्री की आम्हीच गाणं दाबून ठेवलंय. मला खात्री की इरावतीने काहीतरी करणी केलीय. सुबोधला खात्री की दुकानदाराने हात मारलाय. दीप्तीने मला स्वयंपाकघरात विचारलं, "आई, खरं सांगा, तुम्ही नाही ना काही केलंत?" मी म्हटलं, "मला साधा मिक्सर उघडता येत नाही, मी काय करणार?" ती म्हणाली, "मिक्सर तुम्हाला उघडायचा नसतो म्हणून उघडत नाही." सून म्हणून ती मला फार ओळखते, हे काही बरं नाही.

रविवारी सुबोध गाडी घेऊन अंधेरीला दुकानात गेला, मी सोबत. दुकानाचा मालक सीताराम. त्याने पेनड्राइव्ह उजेडात धरला आणि सुबोधकडे चोरासारखं बघितलं. "साहेब, याच्या तोंडाला गंज आहे. पाण्यात पाडला?"

"नवा आहे," सुबोध म्हणाला. "तुमच्याकडूनच घेतलाय. स्टिरिओसोबत."

"आमचा माल गंजत नाही."

"मग हा काय आहे?"

"ते तुम्ही सांगायचं."

असं ते एकमेकांना बराच वेळ सांगत राहिले. मग सीतारामने खात्री करायला तो आपल्या दुकानातल्या यंत्रात लावला. ते यंत्र गेलं. त्याने देवाच्या फोटोकडे पाहिलं आणि दुसरा प्रश्न न विचारता आमच्या गाडीचा डॅशबोर्ड उघडला. आतल्या वायरी बघून मला शेवयांची आठवण झाली. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं काढलं, पुसलं, परत लावलं. पेनड्राइव्ह तरीही वाजेना. मात्र त्यानंतर रेडिओचा आवाज वाढवला की पुढचा वायपर फिरायला लागला. घरी येताना लिंक रोडवर एक जुनं गाणं लागलं, सुबोधने सवयीने आवाज मोठा केला, आणि कोरड्या ठणठणीत हवेत आमचे वायपर ठेक्यात. शेजारच्या रिक्षावाल्याने आधी आभाळाकडे बघितलं, मग आमच्याकडे.

पौर्णिमा उद्यावर आली. शकुचा फोन, "ठरलं का? नाहीतर शाल मीच घेते. अध्यक्ष म्हणून." ही धमकी लागू पडली. मी वनमालाला निरोप पाठवला की शेवटचं एकदा गाडीत बसू, नाही वाजलं तर चिठ्ठ्या टाकू. ती आली, इरावतीची ना हरकत घेऊन आली, आणि आल्या आल्या म्हणाली, "तो मेलो पेनड्राइव्ह माझ्या हातात दे. इतके दिवस तुमच्याच हातात फिरता हा."

सुबोधने दिला. वनमालाने चष्मा कपाळावर चढवला, पेनड्राइव्ह नाकाशी नेला आणि वास घेतला. मग बोटाने त्याचं पत्र्याचं तोंड खरवडलं. बोट लाल झालं.

"ह्या गंज नाय," ती म्हणाली. "ह्या कुंकू."

मी पायाशी काहीतरी पडल्यासारखं करून खाली वाकले.

तिने केसातला आकडा काढला, पुढे वाकून स्टिरिओच्या भोकात घातला आणि हळूच ओढला. आकड्याच्या टोकाला तांदळाचा दाणा. कुंकू माखलेला, घट्ट चिकटलेला. गाडीत इतकी शांतता झाली की सुबोध म्हणतो तसा श्वास ऐकू आला, आणि तो माझाच होता.

"आई," सुबोध म्हणाला, "तू पेनड्राइव्हच्या तोंडाला कुंकू लावलंस?"

"मग कुठे लावू? शस्त्राच्या धारेला लावतात, जात्याच्या तोंडाला लावतात. तुझे बाबा मागाला कुठे लावायचे? जिथून काम चालतं तिथेच ना? ओलं करून लावलं, अक्षता नीट चिकटाव्या म्हणून."

म्हणजे प्रत्येक गाडीत मी कुंकू फासत आणि अक्षता पेरत हिंडले होते. चंद्रप्रकाशांच्या प्रवचनात माझी अक्षता, धवलभाईंच्या गरब्यात माझी अक्षता. सगळ्या मुलुंडला व्हायरस वाटला तो माझा देवधर्म.

सुबोध हसायला लागला. वनमाला हसली नाही.

"नले, तू ह्या मुद्दाम केलंस."

"वेडी आहेस का गं तू?"

"मी येडी नाय म्हणानच सांगतंय. स्वर तुझो नाय ह्या तुका म्हायत होता. म्हणान तोंडात अक्षता कोंबल्यास. गाणा बाहेर येऊ नये म्हणान."

"देवाशपथ, वनमाला."

"तुझी शपथ? ज्या बाईची मगर पवईसून भांडुपापर्यंत लांब होती तिची शपथ?"

तिने दार उघडायला हात घातला. उघडेना. सुबोधने मागच्या दारांना पोरांसाठी लॉक लावून ठेवलंय, आतून उघडतच नाही. तिने हिसका दिला, परत दिला, मग पदर सारखा केला आणि समोर बघत बसली. ती रडत नव्हती, पण पाहिलंत तर तसं वाटलं असतं. इतक्या वर्षांत माझ्यावर तिने चोरीचा आळ घेतला नव्हता. चुकतेस म्हणायची, फेकतेस म्हणायची. चोर म्हणाली नव्हती.

"सुबोध," मी म्हटलं, "पूस आणि लाव."

त्याने शर्टाच्या टोकाने पेनड्राइव्ह पुसला आणि लावला. पडदा उजळला. सुबोधने आवाज वाढवला, वायपर सुरू झाले, आणि दिंडोशीचा तो हॉल आमच्या गाडीत येऊन बसला.

खरं सांगते, मी असं कधी ऐकलं नव्हतं. पेटीचा भाता श्वास घेतोय ते ऐकू आलं. शकुच्या बांगड्या. मागे कुणीतरी कुजबुजलं, "भजी संपली का गं?" तीही शकुच. हॉलबाहेरचा कावळा. टाळ एकेक वेगळा, जणू माझ्या कानाशीच कुणी धरलाय. आणि आमचे दोन आवाज, तेलात मुरलेल्या फोडींसारखे, वेगळे पण एका बरणीतले. वनमालाचा तेव्हाचा आवाज मी विसरले होते. जाडसर होता, गुळाच्या ढेपेसारखा. तिने डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते.

गजर चढत गेला. दोघी एकत्र वर गेलो. आणि अगदी टोकाशी, स्वर लागायच्या जरा आधी, एक बारीकसा खोकला. एक आवाज थांबला. दुसरा एकटाच वर गेला आणि तिथे उभा राहिला. कितीतरी वेळ उभा राहिला. वायपर फिरत होते. माझी पर्स मधून कधी खाली पडली कळलं नाही, वनमालाने माझं मनगट धरलं होतं.

गाणं संपलं. तिने डोळे उघडले, पण माझ्याकडे बघेना. तिला विचारायचं होतं, पण विचारता येत नव्हतं.

"खोकला माझा," मी म्हटलं. माईकशेजारी उदबत्ती लावलेली, तिचा धूर सरळ माझ्या घशात गेला होता. खोकल्याला पर्याय नव्हता. "स्वर तुझा, वनमाला."

तिने डोळे बारीक करून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. संशय तिच्या चेहऱ्यावर तसा कायमच असतो, पण या वेळी तो कुठे बसावं ते न कळल्यासारखा फिरत होता.

"तुझोच खोकलो," ती शेवटी म्हणाली. "अजून तसाच खोकतंस." मग पुढे वाकून सुबोधला म्हणाली, "परत लाव रे बाबा."

परत लावलं. मग पुन्हा. चंद्रप्रकाश खाली आले, काच वाजवली, अर्ज कुठे म्हणाले. सुबोधने काच खाली केली, भजन बाहेर गेलं, आणि ते तिथेच गाडीला टेकून उभे राहिले. नंतर त्यांच्या गाडीतली आणि धवलभाईंच्या गाडीतली अक्षता वनमालानेच आकड्याने काढून दिली, त्याचा मोठा मान झाला. सीतारामाला सुबोध फोनवरून सांगायला गेला, तर तो म्हणाला, असल्या थापा मारून पैसे परत मिळणार नाहीत. लिफ्टशेजारची नोटीस बदलली. आता तिथे लिहिलंय की पूजा झालेली विद्युत उपकरणे पुसल्याशिवाय वापरू नयेत.

शाल वनमालाला मिळाली. भर उकाड्यात ती शाल पांघरून भाजी आणायला जाते, आणि कुणी विचारलं नाही तर भाजीवाल्याला आपणहून सांगते. अक्षतांचा संशय तिने अजून सोडलेला नाही. म्हणते, "स्वर माझो निघालो ह्या खरा, पण कुंकू तू मुद्दाम लावलंस." मी आता वादच घालत नाही.

एवढं सगळं खरं सांगून झाल्यावर एक बारीकसा तपशील कबूल करायला हरकत नाही. जाऊन वनमालाला सांगितलंत तरी ती विश्वास ठेवणार नाही. म्हणेल, नलूची अजून एक मगर, आणि तिने तसंच म्हणावं. तो खोकला माझा नव्हता.